हलूनकाबाईंचा चुकलेला रिपोर्ट

त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटात असणारच, पण ते बघायची गरज कधी कुणाला पडली नाही. दारावरच्या शिपायापासून सोनोग्राफी विभागाच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना हलूनकाबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ फिरली की पूर्ण पदवी. सव्वीस वर्षं त्या पेशंटच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवत आल्या होत्या आणि सव्वीस वर्षं एकच वाक्य म्हणत आल्या होत्या, "श्वास रोखा, हलू नका." जिभेला त्याची इतकी सवय झालेली की मुलीच्या लग्नात फोटोवाल्याने कॅमेरा उचलायच्या आत बाईच ओरडल्या, "हलू नका!" सगळं वऱ्हाड जागच्या जागी थिजलं. त्या फोटोत नवरामुलगासुद्धा घाबरलेला दिसतो. लग्नाच्या फोटोत नवरे तसे बरेचदा घाबरलेले दिसतात म्हणा, पण याचं कारण सासूबाई होत्या.

खोली दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. खिडकी नाही, दाराला जाड पडदा. मधोमध टेबल, त्याच्या रेक्झिनला पायाशी पडलेली चीर बाईंनी चिकटपट्टीने बुजवलेली. टेबलावर चढायला दोन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल. कोपऱ्यात कढत पाण्याचा डबा आणि त्यात जेलची बाटली, कारण गार जेल पोटावर पडलं की माणूस दचकतो, आणि दचकला की हलतो. बाईंचा सगळा संसार या न हलण्यावर उभा होता. त्यांनी काढलेली चित्रं इतकी स्वच्छ यायची की बाहेरगावचे डॉक्टर कागद बघून म्हणायचे, ही चित्रं त्या बाईंचीच दिसतात. बाईंना याचा अभिमान होता. थोडा नाही, चांगला घसघशीत होता, आणि तो त्या लपवतही नसत.

अशा या बाईंच्या खोलीत एका सोमवारी बंबवाली आली.

बंबवाली हे नाव बाईंनीच ठेवलं. पोरगी तेवीस वर्षांची, आगीच्या बंबावर जवान म्हणून भरती झालेली, अजून प्रशिक्षणातच. खांदे रुंद, केस बारीक कापलेले, चालताना उजवा पाय जरा सांभाळून टाकायची. बरोबर तिची आत्या. आईबापाच्या मागे आत्यानेच वाढवलेली पोर, त्यामुळे दुखणं पोरीचं आणि कण्हणं आत्याचं, अशी वाटणी झालेली. आत्याच्या काखेत एक फाइल होती. ती फाइल बघूनच बाईंनी ओळखलं की या प्रकरणात बऱ्याच जणांनी हात टेकलेत.

पावणेदोन वर्षांपूर्वी खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन शिडी चढताना पोरीच्या उजव्या जांघेत कळ आली. ती गेली आणि परत आली, मग येतच राहिली. हाडाच्या डॉक्टरांनी खुबा बघितला, बायकांच्या डॉक्टरांनी अंडाशय बघितलं, आणखी कुणी मूतखडा शोधला, कुणी कमरेची नस दाबली जातेय म्हणून पट्टा बांधला. पट्टा बांधल्यावर कळ तशीच राहिली, वर अंगाला पुरळ उठलं. शेवटी सगळ्यांनी मिळून तिला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते बिचारे भले. त्यांनी लिहिलं, मुलगी दुखण्याने खचली आहे. पुढच्या कागदावर त्याचं झालं, मुलगी खचली आहे म्हणून दुखतंय.

आणि आता गुरुवारी अग्निशमन दलाची वैद्यकीय समिती बसणार होती. शिडीची परीक्षा तिने दोनदा अर्ध्यावर सोडलेली. शरीरात दोष सापडला तर इलाज करून यायला मुदत मिळत होती. दोष सापडला नाही, तर ती मनाने या कामाला नालायक ठरणार आणि तिचं नाव कमी होणार. गुरुवारच्या आधी एक शेवटची सोनोग्राफी, एवढंच उरलं होतं.

बाईंनी जेल लावलं, प्रोब फिरवला. "श्वास रोखा, हलू नका." पोरगी दगडासारखी पडून राहिली. मूत्रपिंडं चांगली, अंडाशयं चांगली, पिशवी चांगली. चित्रं तर अशी आली की चौकटीत लावावीत.

"सगळं नॉर्मल आहे," बाई म्हणाल्या. "चांगली बातमी आहे, पोरी."

पोरगी पोट पुसत उठली. "तुमच्यासाठी चांगली," ती म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता, नुसता थकवा होता. "आडवी पडले की मला दुखतच नाही, बाई. तुम्ही सगळे आडवं पाडूनच बघता. उभी राहिले, जिना चढले, ओझं उचललं की दुखतं. खोकले, हसले तरी दुखतं. आता हसायचं मी बंदच केलंय, त्यामुळे तेवढं एक बरं आहे."

आत्याने डोळ्याला पदर लावला. बाईंनी फाइल हातात घेऊन उगाच चाळली. सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना कागद हाताला लागला. पावणेदोन वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. ‘नॉर्मल.’ खाली सही त्यांचीच.

त्यांनी वरचे कागद एकेक उलटले. हाडाच्या डॉक्टरांनी लिहिलेलं, सोनोग्राफी नॉर्मल असल्याने. बायकांच्या डॉक्टरांनी लिहिलेलं, सोनोग्राफी नॉर्मल असल्याने. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवणाऱ्या चिठ्ठीतही तेच. प्रत्येकाने त्यांच्या कागदावर विश्वास ठेवून पुढचं दार ठोठावलं होतं, आणि पोरगी दारोदार फिरली होती. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं.

त्या दिवशी बाईंनी उरलेले पेशंट कसे उरकले, त्यांचं त्यांना ठाऊक. संध्याकाळी नेहमीसारखा चहाचा थर्मास घेऊन त्या नवऱ्याच्या दुकानावर गेल्या. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, म्हणजे एक टपरी, एक पत्रा आणि पाण्याने भरलेलं एक घमेलं. तिथे एक मास्तर तावातावाने भांडत उभे होते. सायकलीची हवा रोज जाते, आणि हा माणूस म्हणतो ट्यूबला भोकच नाही.

"अहो, दोनदा पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही," नवरा म्हणत होता.

"मग हवा काय मी पितो?"

नवऱ्याने तिसऱ्यांदा ट्यूब पाण्यात धरली. बुडबुडा नाही. मग मास्तरांचा राग ट्यूबवर काढावा तसं त्याने ती दोन्ही हातांत धरून करकचून ताणली, आणि पाण्यात बुडबुड्यांची माळ लागली. हात सैल सोडला, माळ बंद. परत ताणली, परत चालू.

"ही बघा भवानी! ताण बसल्याशिवाय तोंडच उघडत नाही," नवरा खूश होऊन म्हणाला. "तुम्ही वर बसलात की उघडते, मी काढून हातात घेतली की गपगार. अगं, चहा ओत ना. अशी काय बघतेस?"

बाई थर्मास हातात धरून घमेल्याकडे बघत उभ्या होत्या. पुरुष पेशंटच्या जांघेत दुखलं की सर्जन त्याला उभा करतात, खोकायला लावतात आणि हाताने हर्निया चाचपतात, हे त्यांना सव्वीस वर्षं माहीत होतं. बाईमाणसाला असं कुणी उभं केल्याचं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. हर्निया म्हणजे बाप्यांचं दुखणं, आणि जांघेत फुगवटा दिसला तरच तो हर्निया, असं सगळे धरून चालले होते. सगळ्यांत त्याही आल्याच.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी तिला झोपवून बघितलं."

"कुणाला?" नवऱ्याने विचारलं. पण चहाचा थर्मास तिथेच ठेवून बाई चालू पडल्या होत्या. मास्तरांना त्या दिवशी फुकटात दोन कप चहा मिळाला.

मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच बाई मोठ्या डॉक्टरांच्या दारात हजर. चिठ्ठीशिवाय सोनोग्राफी करायची नाही हा नियम, आणि चिठ्ठीवर सही मोठ्या डॉक्टरांची. ते माणूस वाईट नव्हते, फक्त स्वतःचं म्हणणं एकदा ठरलं की ते फरशीसारखं बसवून टाकत.

"बाई, चार वेळा झालीय तिची सोनोग्राफी."

"चारही वेळा झोपवून झालीय, डॉक्टर. मला तिला उभी करून बघायचंय. खोकायला लावून, जोर करायला लावून. मला हर्नियाचा संशय येतोय."

"तेवीस वर्षांच्या पोरीला? फुगवटा आहे का कुठे?"

"नाही. बाहेरून काहीच दिसत नाही."

"मग?" डॉक्टर हसले. "आणि उभी करून, खोकायला लावून चित्र काय येणार? सगळं हलेल. हे तुम्ही सांगताय? तुम्ही?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. या बाबतीत त्यांचा सराव दांडगा होता.

"तिच्या फाइलीतला पहिला रिपोर्ट माझा आहे," त्या म्हणाल्या. "सगळे त्याच्यावर विसंबले. तो चुकला असेल तर मलाच खोडू द्या. आणि चुकला नसेल तर माझंच हसं होईल, तुमचं काय जातंय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या बाईंच्या तोंडून ‘चुकला’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांनी चिठ्ठीवर सही केली. "दहा मिनिटं. मी स्वतः येऊन बघतो. काही दिसलं नाही तर विषय बंद, आणि कागद आहेत तसे समितीकडे जातील."

निरोप मिळताच पोरगी आली. आत्या पडद्याबाहेर बाकावर बसली. मोठे डॉक्टर हाताची घडी घालून मशीनसमोर उभे राहिले. बाईंनी पोटावर फिरवायचा मोठा प्रोब बाजूला ठेवला आणि मानेच्या गाठी बघायला वापरतात तो लहान, चपटा प्रोब घेतला, कारण बघायचं ते कातडीपासून फार खोल नव्हतं. त्या स्वतः स्टुलावर बसल्या, पोरीला समोर उभी केली, प्रोब उजव्या जांघेवर टेकवला आणि तोंडाने सवयीप्रमाणे म्हणाल्या, "श्वास रोखा, ह..." जीभ चावून त्यांनी शब्द गिळला. "खोक," त्या म्हणाल्या.

पोरगी खोकली. मशीनच्या पडद्यावर सगळं गदगदा हललं आणि बाईंना काही म्हणता काही कळलं नाही. स्थिर चित्राला सरावलेला डोळा, हलत्या चित्रात त्याची फजितीच झाली.

"परत खोक. जरा दमाने."

पुन्हा तोच गोंधळ. पण चौथ्या-पाचव्या वेळी बाईंचा हात खोकल्याबरोबर वरखाली व्हायला शिकला. पोटाच्या भिंतीतली एक बारीक रक्तवाहिनी त्यांनी खुणेला धरली, तिच्या शेजारचा काळा-करडा पट्टा धरला. काही घसरत नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. सात मिनिटं झाली होती.

"आत्ता दुखतंय का गं?"

"थोडं. शिडीवर जास्त दुखतं."

बाई उठल्या. त्यांनी टेबलावर चढायचं स्टूल पायाने पुढे ओढलं. कपाटाखालचा जेलचा पाच लिटरचा कॅन ओढून काढला आणि पोरीच्या हातात दिला. "ही तुझी शिडी आणि हा तुझा पाइप. उजवा पाय वरच्या पायरीवर. कॅन खांद्यावर घे. आता शिडी चढतेयस असा जोर लाव. कुंथ चांगली, लाजू नकोस. डॉक्टर काय, मी काय, सगळे रोज कुंथतो."

डॉक्टरांनी खाकरल्यासारखं केलं. बाई गुडघ्यावर बसल्या, प्रोब टेकवला. पोरीने दातओठ खाऊन जोर केला, तिचा चेहरा लाल झाला, कळ आली आणि ती "आई गं" म्हणाली. त्याच क्षणी पडद्यावर, त्या रक्तवाहिनीच्या शेजारी, भिंतीतली एक फट उघडली आणि चरबीचा करंगळीएवढा तुकडा सरकन खाली उतरला. पोरीने श्वास सोडला. तुकडा परत आत गेला, फट मिटली, सगळं पहिल्यासारखं साळसूद.

डॉक्टरांनी हाताची घडी सोडली.

"परत," मोठे डॉक्टर म्हणाले.

परत जोर. परत तुकडा खाली.

"परत." आता त्यांनी खुर्ची ओढली आणि पडद्याला नाक लावून बसले. "हे तर... बाई, हे रेकॉर्ड करा. सगळं हलतं रेकॉर्ड करा. परत कर, बाळ, आणखी एकदा." दहाची वीस मिनिटं झाली, घड्याळ कुणी बघितलं नाही. डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे सांगत होते. फट एवढी अरुंद की बाहेर फुगवटा यायचाच नाही. आत मात्र त्या तुकड्याने नस चिमटली जायची. आणि आडवं पडलं की तुकडा आपला घरी.

पोरीने कॅन खाली ठेवला. "दिसलं?" तिने विचारलं. "मला दाखवा."

बाईंनी चित्र परत लावलं आणि बोट ठेवून दाखवलं. पोरगी ते तीनदा बघून म्हणाली, "म्हणजे हे माझ्या डोक्यात नाहीये."

"नाही गं माझ्या बाई," बाई म्हणाल्या. "चांगलं दोन हात खाली आहे."

पोरगी हसली. हसता हसता कळ आली म्हणून तिने जांघ दाबून धरली, आणि जांघ दाबून हसतच राहिली. पावणेदोन वर्षांचं साठलेलं होतं ते. आत्या पडद्यातून आत घुसली. पोरीने तिच्या गळ्यात पडून सांगितलं, "आत्या, मला हर्निया आहे!" परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं. आत्याला काही कळलं नाही, पण तिने दोन्हीकडच्या देवांना हात जोडले, एकदा छताला आणि एकदा मशीनला.

बाई रिपोर्ट लिहायला बसल्या. सगळं लिहून झाल्यावर वर एक ओळ घातली. ‘माझा पावणेदोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट अपुरा होता. तपासणी फक्त झोपवून केली होती.’

"एवढं लिहायची काही गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

"त्या एका शब्दावर पोरगी दारोदार फिरली, डॉक्टर," बाई म्हणाल्या आणि सही केली.

गुरुवारी समितीपुढे त्या स्वतः गेल्या, कारण हलतं चित्र समजावून सांगायला माणूस हवा होता. समितीत तीन जण. त्यातल्या एका साहेबांनी फाइल आपटून विचारलं, "चार वेळा नॉर्मल, आणि समितीच्या दोन दिवस आधी अचानक हर्निया? आम्ही कुठल्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा?"

"शेवटच्यावर," बाई म्हणाल्या. "पहिला पण मीच केलाय, म्हणून सांगते. पहिला करताना मी तिला दुखतं कधी, हे विचारलंच नव्हतं. हे बघा." आणि त्यांनी चित्र चालू केलं. साहेबांना सोनोग्राफीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काहीतरी बाहेर येतंय आणि आत जातंय, एवढं त्यांनाही दिसलं. पोरीला चार महिन्यांची मुदत मिळाली.

सर्जनबाईंनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं आणि ती फट जाळीने बुजवली. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "होतं. अगदी तुम्ही दाखवलंत तिथेच." हे ऐकून हलूनकाबाई आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्याच्या बोळात पळाल्या. शिपाई म्हणतो, उड्या मारत गेल्या. शिपायाचं सगळंच खरं मानू नये, पण हे खरं असावं.

मग बाईंनी आणखी एक काम काढलं. जुनी रजिस्टरं खाली उतरवली आणि जांघेत दुखतंय म्हणून आलेल्या, ‘नॉर्मल’ लिहून घरी पाठवलेल्या तरुण बायकांची यादी केली. सदतीस निघाल्या. रोज दुपारी दोघी-तिघींना फोन लावायचा आणि सुरुवातीलाच सांगायचं, "मी तुम्हाला नीट बघितलं नव्हतं. परत येता का?" एकीने फोनवर खूप सुनावलं. बाईंनी निमूट ऐकून घेतलं. एकवीस जणी आल्या. आठ जणींच्या जांघेत तीच फट सापडली. त्यातली एक सहा वर्षं शिवणयंत्रावर एका अंगाला कलून बसत होती. मोठे डॉक्टर प्रत्येक वेळी ‘परत’ म्हणत खुर्ची ओढून बसायचे, आणि शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला बोलवायचे. भिंतीवरचा ‘हलू नका’चा फलक तसाच राहिला, खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ वाढली, ‘सांगितलं तर हला.’ दवाखान्याने पदवी बदलली. आता पाठीमागे त्यांना खोकाबाई म्हणतात.

चौथ्या महिन्याच्या शेवटी बंबवालीची शिडीची परीक्षा होती. बाई आणि नवरा दोघंही गेले. नवऱ्याने दुकानाला कुलूप लावलेलं, ही घटनासुद्धा लहान नव्हती. मोठ्या मैदानात बंब उभा, त्याची शिडी आभाळात गेलेली. आत्या डोळे मिटून उभी होती. "चढली की सांगा," ती म्हणाली, "पडली की सांगू नका."

शिट्टी वाजली. पोरीने पाइप खांद्यावर घेतला आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. बाईंचे हात आपोआप उचलले गेले, जणू हातात प्रोब आहे. दहा पायऱ्या. वीस. पहिल्या दोन परीक्षांत ती जिथे थांबली होती ती पायरी आली, आणि गेली. पोरीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे ती जे चढत सुटली, ते वरच्या पिंजऱ्यात पोचून पाइप आकड्याला लावेपर्यंत थांबली नाही. खाली परीक्षकांनी घड्याळ दाबलं आणि वेळ ओरडून सांगितला. त्या तुकडीतला सगळ्यात कमी वेळ होता तो.

वरून पोरीने गर्दीत बाईंना शोधलं. मग कमरेवर हात ठेवून, पोटात दम भरून, ती अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी खोकली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तर चांगली ठसक्यात.

"काय झालं हिला?" परीक्षक घाबरून म्हणाले. "त्रास होतोय का?"

"काही नाही होत," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "काही म्हणजे काही होत नाही, तेच सांगतेय ती." आणि मान वर करून, सव्वीस वर्षं बंद खोलीत दबून राहिलेला आवाज मोकळा सोडून त्या ओरडल्या, "परत!"